पूर्वजांचा माग : जहाजमालकाचे मृत्युपत्र आणि जामनेरचे कोतवाल बुक

जामनेर तालुक्यातल्या एखाद्या घराण्याचा माग पाच-सहा पिढ्या मागे न्यायचा म्हटले की दोन प्रश्न लगेच पुढे येतात. कागद कुठे मिळेल, हा पहिला. मिळालेल्या कागदावर किती विसंबायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष, धुळे, पुणे, नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि काही घरांसाठी हैदराबाद असे विखुरलेले आहे. दुसऱ्या प्रश्नावर अभ्यासक, न्यायालये आणि खुद्द घराणी यांची मते एक नाहीत. गेल्या काही वर्षांत जातीच्या नोंदींच्या निमित्ताने हे जुने कागद हजारो घरांच्या गरजेचे झाले, त्यामुळे हा विषय हौशी लोकांपुरता राहिलेला नाही.

मोजपट्टी कुठून आली

वंशशोधनाची जी रीत जगभर प्रमाण मानली जाते, ती युरोपातल्या दोन नोंदींवर उभी आहे: धर्मग्रामाची वही आणि प्रोबेट. इंग्लंडमध्ये १५३८ साली प्रत्येक चर्चने स्नानसंस्कार, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी असा हुकूम निघाला. कॅथलिक जगात ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये अशीच शिस्त घातली. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा शिक्का. इंग्लंडमध्ये हे काम १८५८ पर्यंत धर्मपीठाच्या न्यायालयांकडे होते, नंतर ते सरकारकडे आले आणि देशभराची एकच वार्षिक यादी निघू लागली.

जहाजमालक पूर्वज हे या पद्धतीचे सर्वांत सोयीचे उदाहरण. इंग्रजी रिवाजात जहाजाची मालकी चौसष्ट हिश्श्यांत मोजली जाई. एखाद्याकडे चार हिस्से असत, एखाद्याकडे बत्तीस. तो मेला की हे हिस्से मृत्युपत्रात उतरत, प्रोबेटमध्ये नोंदले जात आणि बंदराच्या नोंदवहीत नव्या मालकाच्या नावे चढत. मृत्युपत्रावरून मुले-जावई कळतात, चर्चच्या वहीवरून आईबाप कळतात, बंदराच्या वहीवरून धंदा कळतो. तीन ठिकाणच्या, तीन वेगळ्या कारणांनी लिहिलेल्या नोंदी एकाच माणसापाशी येऊन मिळतात आणि म्हणूनच खात्री पटते. या पद्धतीचे खरे बळ कारणांच्या या वेगळेपणात आहे, आणि खानदेशात आल्यावर कामी येते ते हेच तत्त्व. चर्च आणि प्रोबेट इथे नसले तरी चालते.

मुंबईतले चार भागीदार

ही मोजपट्टी महाराष्ट्रात कुठे लागू पडते हे पाहायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची मुंबई पाहावी. जमशेटजी जीजीभॉय यांनी १८१४ मध्ये ‘गुड सक्सेस’ हे आपले पहिले जहाज विकत घेतले. त्यांच्या पेढीत त्यांच्याबरोबर मोतीचंद अमीचंद, महंमद अली रोगे आणि रोजेरियो दि फारिया हे भागीदार होते. एकाच पेढीत पारशी, जैन, कोकणी मुसलमान आणि गोव्याचा कॅथलिक अशी ही चार माणसे. धंदा एकच होता, पण चौघांचे पूर्वज शोधायला चार वेगळ्या वाटांनी जावे लागते.

दि फारिया यांच्यासाठी गोव्याच्या चर्चच्या वह्या आहेत आणि १५९५ साली दियोगो दो कोउतो यांच्याकडे सोपवलेले, आज पणजीत असलेले गोव्याचे दफ्तर आहे. गोव्यात वारसाहक्काच्या वाटणीसाठी ‘इन्व्हेंतार’ ही न्यायालयीन प्रक्रिया रूढ असल्याने मृताच्या मालमत्तेची तपशीलवार यादीही सापडू शकते. मोतीचंद म्हणजे मोतीशा शेठ. त्यांचा ठसा भायखळ्याच्या देवळात आणि शत्रुंजयावरच्या त्यांच्या नावाच्या टुकेत आहे, म्हणजे दगडात. पारशांसाठी १८६५ पासून वारसाहक्काचा स्वतंत्र कायदा आला. धर्माची वही मात्र चौघांतल्या एकालाच होती.

चौघांना समान असे एकच ठिकाण होते, ते म्हणजे मुंबई शहराचे न्यायालय. १७२६ च्या सनदेने आलेले मेयर कोर्ट, १७९८ चे रेकॉर्डर कोर्ट, पुढे सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासून हायकोर्ट, या सर्वांकडे मृत्युपत्रांचा अधिकार होता. किनाऱ्यावर फिरणाऱ्या गलबतांसाठी १८३८ चा कायदा आला आणि मुंबई इलाख्यातल्या नाखव्यांच्या पडावांची, मचव्यांची नोंद होऊ लागली. कोकणातल्या दालदी, खारवी किंवा भंडारी घरातल्या कुणाला आपला पणजा गलबताचा मालक होता की तांडेल, हे पाहायचे असेल तर देवळाच्या कागदांपेक्षा बंदराच्या नोंदी अधिक बोलतात. इंग्रज आणि अँग्लो-इंडियन घराण्यांसाठी मुंबई इलाख्यातल्या स्नानसंस्कार, विवाह, दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावातल्या काही कुटुंबांना त्याचा उपयोग होतो, बाकीच्या खानदेशाला जवळजवळ नाही.

खानदेशात प्रोबेट का नाही

मुंबई शहराची हद्द ओलांडली की हिंदू घराण्यांचे प्रोबेट संपते. याचे कारण कायद्यात आहे, अनास्थेत नाही. १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा आणि पुढे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा यांनी प्रोबेटची सक्ती मुंबई, मद्रास या शहरांच्या न्यायालयीन हद्दीपुरती आणि बंगालच्या प्रदेशापुरती ठेवली. जामनेरच्या शेतकऱ्याने मृत्युपत्र केलेच तरी त्यावर शिक्का घेण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. त्याहून मोठे कारण मिताक्षरा पद्धतीचे एकत्र कुटुंब. बाप मेला तरी जमीन ‘वाटली’ जात नाही. ती कुटुंबाचीच असते, कर्ता तेवढा बदलतो. मालमत्तेची यादी करावी असा प्रसंगच मृत्यूमुळे येत नाही.

तरीही प्रोबेटच्या जवळ जाणारी एक नोंद इथे आहे आणि तिच्याकडे फारसे कुणी वळत नाही. मुंबई इलाख्याचे १८२७ चे आठवे रेग्युलेशन वारस, मृत्युपत्राचा व्यवस्थापक आणि प्रशासक यांना न्यायालयाकडून औपचारिक मान्यता देण्यासाठी केलेले आहे. आजही महाराष्ट्रात वारस दाखल्याचे अर्ज त्याच्याच आधारे होतात. या अर्जात मृताचे नाव, मृत्यूची तारीख, राहण्याचे ठिकाण, सर्व वारस आणि त्यांचे नाते लिहावे लागते. खानदेशात इंग्रजी अंमल १८१८ मध्ये आला आणि जिल्ह्याचे मुख्य ठाणे धुळे झाले. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले व जळगाव पूर्व खानदेशाचे ठाणे बनले. जामनेरच्या घराण्याने त्यापूर्वीच्या जिल्हा पातळीवरच्या कागदासाठी धुळ्याकडे पाहायचे, हा या विभाजनाचा साधा अर्थ.

वतन, महजर आणि तक्षीम

इंग्रजी अंमलापूर्वीचा खानदेशी माणूस कागदावर येतो तो हक्काच्या भांडणातून. पाटीलकी, देशमुखी, देशपांडेपण, कुलकर्ण, महारकी ही वतने वंशपरंपरेची होती. वतनावर दोघांनी दावा सांगितला की गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. महजरात दावेदार आपली पिढी मूळ पुरुषापासून सांगतो, कोण निपुत्रिक मेला, कोण दत्तक आला, कोण दुष्काळात परागंदा झाला हे सांगतो आणि गावचे बलुतेदार त्याखाली आपापली निशाणी करतात. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. वंशशोधकाला याहून बोलका कागद क्वचितच मिळतो. मात्र लिहिणाऱ्याला काहीतरी जिंकायचे होते, ही गोष्ट महजर वाचताना क्षणभरही विसरता येत नाही.

जहाजाच्या चौसष्ट हिश्श्यांशी थेट तुलना व्हावी अशी गोष्ट म्हणजे वतनाची तक्षीम, म्हणजे वाटा. थोरली तक्षीम, धाकटी तक्षीम, त्यांत पुन्हा आण्यांचे वाटे. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने या वाटेकऱ्यांची नोंद सरकारी रजिस्टरात आणली. पण सरकारी कामासाठी नाव लागे ते प्रतिनिधी वतनदाराचे, म्हणून धाकट्या घरांची माणसे कागदावर दिसत नाहीत. जहाजाच्या नोंदीतही व्यवस्थापक मालकाचे नाव वर असते आणि बाकी हिस्सेदार आत दडलेले असतात. ‘आमचे आजोबा पाटील होते’ या वाक्याची छाननी त्यामुळे दोन पातळ्यांवर करावी लागते. ते घराणे वतनदार होते का, हे पहिले. त्या पिढीत काम कोणत्या तक्षिमेकडे होते, हे दुसरे. खानदेशात पाटील, महाजन, चौधरी, देशमुख ही पदे पुढे आडनावे झाल्याने हा घोटाळा रोजचा आहे. एकाच गावात चार वेगळ्या जातींची पाटील आडनावाची घरे सापडतात आणि त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नसतो.

हे कागद कुठे आहेत? पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. इनामांची चौकशी करणाऱ्या, १८५२ च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने जमा केलेले साहित्यही पुण्यातच गेले. खानदेशाचे स्वतःचे भाग्य असे की विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी अखेरचा काळ धुळ्यात काढला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी पायपीट करून जमवलेली कागदपत्रे तिथे जपली गेली. १८८० च्या मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशाचा आहे. घराण्याचे नाव त्यात मिळेलच असे नाही, पण गावाची आणि जातींची त्या वेळची स्थिती समजायला तो हाताशी हवाच.

कोतवाल बुक आणि सहा-क

ज्यांच्याकडे वतन नव्हते, म्हणजे बहुसंख्यांचे, नाव पहिल्यांदा कागदावर येते ते गाव नमुना १४ मध्ये. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गावोगाव जन्ममृत्यूची नोंद होऊ लागली. कोतवाल खबर देई आणि गावकामगार लिहून घेई. खानदेशात धर्मग्रामाच्या वहीचे स्थान घ्यायला हीच नोंद सर्वांत पात्र आहे, आणि एका अर्थी ती सरस आहे: चर्चची वही फक्त आपल्या कळपाची, कोतवाल बुक गावातल्या प्रत्येक आळीचे आणि गावकुसाबाहेरच्याही घरांचे.

असे पान जवळून पाहिले तर काय दिसते? उभ्या रेघा हाताने मारलेल्या, शाई तपकिरी झालेली, जुन्या पानांवर मोडी आणि पुढे बाळबोध. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचे नाव पुष्कळदा नाहीच, कारण बारशाच्या आधीच खबर दिलेली असते. म्हणजे ‘राघो वलद सखाराम यांस मुलगा’ एवढीच नोंद. राघोला चार मुलगे असतील तर हा कोणता, ते इतर कागदांवरून ठरवावे लागते. मृत्यूच्या बाजूला कारण असते: ताप, पटकी, देवी, हगवण, प्लेग. १९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरची पाने इन्फ्लुएंझाच्या साथीची. मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या नोंदींत त्या आठवड्यांत ‘ताप’ हा शब्द ओळीमागून ओळ येत राहतो आणि एकाच घरातली तीन-तीन नावे पाठोपाठ लागतात. कित्येक घराण्यांची वंशावळ त्या पानांपाशी अचानक अरुंद होते.

दुसरा आधार जमिनीचा. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, आणि फेरफाराची नोंदवही म्हणजे नमुना ६ व वारसांची नोंदवही म्हणजे नमुना ६-क या पुढे गावपातळीवर रुळल्या. खातेदार मेला की वारसांची नावे नात्यासह चढतात. विधवा, अज्ञान मुलगा, त्याचा पालनकर्ता चुलता, हे सगळे दोन-तीन ओळींत येते. कोतवाल बुकातला ‘राघो यांस मुलगा’ आणि फेरफारातला ‘मयत राघो याचा वारस मुलगा नामदेव’ हे एकमेकांपाशी ठेवले की कडी जुळते. तिसरा दुवा शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरचा. तिथली जन्मतारीख मात्र सांभाळून घ्यावी. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली १ जून ही तारीख महाराष्ट्रातल्या लाखो लोकांच्या वाट्याला आलेली आहे.

जनगणनेची मदत होत नाही. इंग्लंडमध्ये घरोघरचे जनगणना तक्ते शंभर वर्षांनी खुले होतात. आपल्याकडे आकडे छापले गेले, पण घरोघरची नावे पुढच्या संशोधकासाठी जपून ठेवण्याची रीत नव्हती.

उपाध्यांच्या नामावळ्या, भाटांच्या वह्या

सरकारी कागदाला समांतर दोन परंपरा आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. यात्रेकरू येतो, गाव आणि आडनाव सांगतो, उपाध्ये पोथीसारखी लांब वही उलगडतात आणि त्याच्या पणजोबाच्या हातची सही त्याच्यापुढे ठेवतात. तो स्वतःच्या घरातली नवी नावे लिहून खाली सही करतो. हरिद्वारच्या अशा वह्यांचे मायक्रोफिल्म चित्रण अमेरिकेतल्या युटा इथल्या वंशशास्त्र संस्थेने विसाव्या शतकातच केले. या नोंदीचे वैशिष्ट्य असे की ती लिहिणाऱ्या यजमानाला त्यातून जमीन मिळणार नव्हती की वतन. श्राद्धाच्या संकल्पात आई, आजी, पणजी आणि आईच्या वडिलांचे घराणे यांची नावे लागतात, म्हणून सरकारी कागदात न सापडणारी स्त्रियांची नावे इथे कधीकधी सापडतात.

दुसरी परंपरा भाटांची. लेवा पाटीदार, गुजर, राजपूत अशा, गुजरात-राजस्थानाकडून आल्याचे सांगणाऱ्या समाजांत भाट काही वर्षांच्या अंतराने गावी येतात, वही वाचून दाखवतात, नवी जन्मलेली नावे चढवतात आणि बिदागी घेऊन जातात. या वह्या विक्रम संवतात असतात, भाषा गुजराती-राजस्थानी वळणाची. घराणे कोणत्या गावाहून निघाले, कुठे थांबले, सुना कोणत्या कुळातून आल्या, हे त्यांत असते. अलीकडच्या सात-आठ पिढ्या गावच्या कागदांशी ताडून पाहता येतात. त्यापलीकडे वही जसजशी मागे जाते तसतशी नावे राजांशी, ऋषींशी जाऊन भिडतात, आणि तिथे ताडून पाहायला दुसरा कागद नसतो.

खानदेशातले ‘जहाजमालक’

समुद्र नसलेल्या या मुलखात जहाजमालकाच्या तोडीचा माणूस शोधायचा तर तो तांड्याचा नाईक. रस्ते आणि रेल्वे येण्याआधी धान्य, मीठ, कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून अजिंठ्याचा घाट चढत-उतरत असे. बैलांची संख्या हीच भांडवलाची मोजदाद, गोणी हेच मालाचे माप, नाईक हाच कप्तान. पुढे आग्रा रस्ता सुधारला, रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी गेली, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात खानदेशी कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला, पण तो माल गाडीत चढला. तांडे जमिनीवर स्थिरावले. जामनेर तालुक्यातले अनेक तांडे याच इतिहासाचे अवशेष आहेत.

नाईकाच्या बैलांची नोंदणी कुठल्याच बंदरात झाली नाही. त्याचे नाव फौजेच्या पुरवठ्याच्या कागदात किंवा जकातीच्या नाक्यावर आले तर येते. कुळाची, गोताची माहिती गाणाऱ्यांच्या तोंडी आणि लग्नातल्या विधींत राहिली. भिल्ल आणि तडवी घराण्यांची स्थिती याहून बिकट. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने उभारलेल्या भिल्ल पलटणीमुळे काही नावे लष्करी यादीत गेली, उरलेली पोलिस आणि तुरुंगाच्या कागदांत. ज्यांच्या पूर्वजांना राज्यकर्त्यांनी संशयाने पाहिले, त्यांना आज आपला आजा आरोपींच्या यादीतच शोधावा लागतो, हे या शोधातले सर्वांत कडू वास्तव आहे.

पुरावा कशाला म्हणायचे

इथे तीन भूमिका स्पष्ट दिसतात. पहिली अस्सल कागदाची. तिच्यामागे राजवाड्यांची शिस्त आहे. समकालीन, अस्सल, खाडाखोड नसलेला कागद हाच पुरावा, बखर आणि ऐकीव वंशावळ दुय्यम. न्यायालयांचा कलही बव्हंशी इकडे आहे. जातपडताळणीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना अधिक वजन द्यावे असे सांगितले आणि चालीरीतींवरून जमात ओळखण्याची कसोटी एकटी निर्णायक नाही, हे २०२३ मध्ये मोठ्या पीठाने पुन्हा स्पष्ट केले. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना कुटुंब महाराष्ट्रात राहत होते का, हे दाखवावे लागते, त्यामुळे कागदाची सक्ती व्यवहारातच आहे.

दुसरी भूमिका वहीची आणि आठवणीची. तिचे समर्थक विचारतात, कागद ज्यांच्या दारी गेलाच नाही त्यांनी काय करायचे? कायदाही त्यांच्या पूर्ण विरोधात नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने मृत व्यक्तीने वाद उपस्थित होण्यापूर्वी नात्याविषयी केलेले विधान, कुटुंबाची वंशावळ किंवा समाधीवरचा मजकूर ग्राह्य धरला होता. नव्या साक्ष अधिनियमातही ते तत्त्व आहे. ‘वाद उपस्थित होण्यापूर्वी’ ही अट फार नेमकी आहे. दहा वर्षांपूर्वी दाखल्यासाठी लिहून आणलेली वंशावळ आणि शंभर वर्षांपूर्वी आजोबांनी त्र्यंबकला केलेली सही यांतला फरक या अटीत नेमका पकडला आहे.

तिसरी भूमिका सामाजिक इतिहासकारांची. त्यांच्या मते नोंद म्हणजे तिथे नोंदवणाऱ्याची नजर असते. इंग्रज अधिकाऱ्याने, कुलकर्ण्याने, भाटाने जात लिहिली ती आपापल्या समजुतीने, आणि तेच कुटुंब दोन कागदांत दोन नावांनी दिसू शकते. तेव्हा दोन्ही कागद खरे आणि तरीही परस्परविरोधी असू शकतात.

अस्सल कागदाची बाजू पद्धत म्हणून भक्कम आहे, पण ती एकटी स्वीकारली तर इतिहास जमीनदारांचा आणि पुरुषांचाच उरतो. वहीची बाजू व्यापक आहे, पण तिला तारखेची शिस्त लावली नाही तर ती पुराणात विरघळते. जहाजमालकाच्या शोधातली रीत म्हणूनच इथे आणायला हवी: वेगळ्या माणसाने, वेगळ्या कारणासाठी लिहिलेल्या किमान दोन नोंदी एकमेकींशी जुळल्या तरच पिढी धरावी.

लिपी, कालगणना आणि सरहद्द

मोडी वाचता येणारी माणसे थोडी, आणि सरकारी कामातून ही लिपी विसाव्या शतकाच्या मध्यात गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली, महसूल, शाळा, जन्ममृत्यू, तुरुंग अशा कचेऱ्यांतले गठ्ठे उघडले गेले, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचकांची टंचाई सर्वांना कळली.

कालगणनेचा गुंता वेगळा. मोडी पत्रावर ‘इसन्ने अशर मयातैन व अलफ’ असे लिहिलेले असते. दोन, दहा, दोनशे, हजार, म्हणजे शुहूर सन १२१२. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १८११-१२ येते. शकात ७८ मिळवायचे, फसलीत ५९०, विक्रम संवतातून ५६ किंवा ५७ वजा करायचे. एका घराण्याच्या चार कागदांवर चार सन असतात आणि एका चुकीने बाप मुलापेक्षा धाकटा ठरतो.

‘वलद’ आणि ‘बिन’ म्हणजे मुलगा, ‘कोम’ म्हणजे बायको, हे ठाऊक नसेल तर बायको बहीण होते.

सरहद्द हा जामनेरचा खास प्रश्न. तालुक्याची दक्षिण कड अजिंठ्याच्या डोंगराला लागते आणि डोंगरापलीकडचे अजिंठा, फर्दापूर, सोयगाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. सोयरिकी दोन्हीकडे होत. मुलीचे सासर पाच-सहा कोसांवर, पण तिच्या सासरची नोंद उर्दूत, फसली सनात आणि वेगळ्या राज्याच्या दफ्तरात. तालुक्यातल्या पहूर-शेंदुर्णीच्या कुटुंबाचे अर्धे नातेगोतेच कधीकधी हैदराबादच्या अभिलेखागारात शोधावे लागते.

डिजिटल नकला आल्या आहेत. जुने सातबारे, फेरफार यांच्या प्रतिमा भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर बघता येतात, कोतवाल बुकांचे चित्रण होत आहे. पण प्रतिमा म्हणजे वाचन नव्हे. नावांची सूची नसेल तर हजार पाने एकेक करून पाहावी लागतात, आणि वाळवीने खाल्लेले पान प्रतिमेतही खाल्लेलेच राहते. कुणाचे कागद कुणी पाहावेत, दुसऱ्या घराची जात, अनौरस संतती, गुन्ह्याची नोंद सर्वांसाठी खुली असावी का, याचाही निर्णय झालेला नाही. इंग्लंडमध्ये काळाच्या अटीने हा प्रश्न सोडवला. आपल्याकडे तो कचेरीगणिक वेगळ्या रीतीने सुटतो.

आईचे नाव

एक रिकामी जागा या सर्व साधनांत समान आहे. महजरात वतनदार, कोतवाल बुकात बाप, सातबाऱ्यावर कर्ता. चर्चच्या वहीत बाळाच्या नोंदीत आईचे नाव असते, म्हणून गोव्यातल्या किंवा वसईतल्या कॅथलिक घराण्याला आईकडचा वंश चार-पाच पिढ्या मागे नेता येतो. जामनेरच्या शेतकरी घराला तो सहसा आजीपाशी थांबवावा लागतो. आजीचे माहेरचे नाव लग्नात बदलले, गाव बदलले, आणि ती कागदावर आलीच तर ‘कोम’ या शब्दामागे. तिला शोधण्याचे तीन मार्ग उरतात: तीर्थोपाध्यांची नामावळी, भाटाची वही आणि घरातल्या सर्वांत वयस्क बाईची आठवण. यांतला तिसरा मार्ग सर्वांत लवकर बंद होतो.

महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिले जाते.